सरनाईकबाईंची सनद

सूरगड संस्थानात विसाजीपंत नवे कारभारी म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी दवंडी पिटवली, की सनद दाखवल्याशिवाय कोणीही वाडवडिलांची पदवी लावायची नाही.

दवंडी ऐकून सगुणाबाई सरनाईक काळजीत पडल्या. पणजोबांनी शत्रूपासून घाट राखला म्हणून 'सरनाईक' ही पदवी मिळालेली. पण सनद गडावरच्या आगीत जळून गेली होती. घराण्यात आता त्या एकट्याच. पदवी गेली तर पणजोबांचं नावही पुसलं जाणार.

भर दरबारात, राजेसाहेबांसमोर पंतांनी विचारलं, "बाई, सनद कुठंय?"

"जळाली. पण सारा मुलूख आम्हाला सरनाईक म्हणतो."

"लोक काहीही म्हणतील! कागद दाखवा, नाहीतर पदवी सोडा."

सगुणाबाईंनी पदर सावरला. "पंत, आपण कोणाचे चिरंजीव?"

पंतांची छाती फुगली. "महादजीपंत दिवाणांचा!"

"त्याची काही सनद?"

पंत लालबुंद झाले. "बापाच्या नावाला सनद लागते होय? लहानपणापासून सगळं गाव मला त्यांचाच मुलगा म्हणत आलंय!"

"लोकांच्या शब्दावर आपल्याला वडील मिळाले," सगुणाबाई म्हणाल्या, "मग मला माझे पणजोबा का मिळू नयेत?"

राजेसाहेब खो खो हसत सुटले. "पंत, द्या आता उत्तर!"

शेवटी पंतांनाही हसू आवरेना. हात जोडून ते म्हणाले, "काय उत्तर देऊ, सरनाईकबाई?"

पदवी खुद्द पंतांच्याच तोंडून निघाली म्हटल्यावर सगळा दरबार हास्यात बुडाला.