पार्सलीची कुंडी

बंदराकाठच्या एका गावात एक सासू होती. तिच्या परसातल्या कोथिंबिरीला गावात तोड नव्हती. धणे फरशीवर पसरायचे, चपलेने रगडून दाण्याचे दोन करायचे आणि मातीत टाकायचे, की नवव्या दिवशी कोंब वर. दहाव्या दिवसाची वाट तिने कधी पाहिली नव्हती, आणि याचा तिला थोडा तोराही होता.

तिचा मुलगा गलबतावर काम करी. तो सातासमुद्रापलीकडची बायको करून आला. सून गुणी होती, पण इथलं जेवण तिच्या घशाखाली उतरेना. दोन घास खाऊन ती उठायची. महिन्याभरात पोरीचे गाल बसले आणि सासूच्या जिवाला घोर लागला.

एक दिवस सुनेने एक पुरचुंडी पुढे केली.

"आई, हे पार्सलीचं बी. आमच्याकडे याची पानं कोथिंबिरीसारखी चिरून रोजच्या जेवणावर घालतात. माझ्या आईने दिलंय, एवढंच आहे. तुमच्या हाताला गुण आहे, तुम्हीच लावा."

सासू हरखली. तिने परसात कुंडी भरली आणि सुनेला बजावलं, "उगवेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, नजर लागते." मग सवयीने बी फरशीवर टाकून चपलेने रगडलं. पण ते कुठले धणे! बारीक बी, त्याचं पीठच व्हायला लागलं. घाबरून तिने हात आवरला आणि उरलेलं तसंच पेरलं.

नववा दिवस गेला. बारावा गेला. अठराव्या दिवशीही माती काळीच. सुनेच्या माहेराची एकुलती एक ठेव आपण मातीत घातली, या विचाराने सासूला अन्न गोड लागेना.

शेजारीण म्हणाली, "एवढं काय त्यात? माती उकर, धणे टाक. पानं सारखीच दिसतात म्हणे. तिला काय कळतंय?"

सासूने मुठीत धणे घेतले, खुरपंही उचललं. पण हात पुढे जाईना. उद्या ती पोर आशेने पान तोंडात घालेल, तेव्हा तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं? खुरपं ठेवून ती घरात आली आणि डोळे पुसत सुनेपुढे बसली.

"सूनबाई, माझं चुकलं. बी मी धण्यासारखं रगडलं. निम्मं वाया गेलं, निम्मं पेरलं, तेही उगवलं नाही. आज अठरा दिवस झाले."

सुनेने विचारलं,

"माती सुकू दिली नाहीत ना?"

"नाही गं. रोज दोनदा शिंपडते."

"मग रडता कशाला? माझी आई महिनाभर थांबते. हे बी फार आळशी असतं."

असं म्हणून सून हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. सासूच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि रडता रडता तीही हसू लागली.

पंचविसाव्या दिवशी कुंडीत सात हिरवे कोंब दिसले. खुरपं चाललं असतं, तर त्यातला एकही उरला नसता.

रोपं वाढली. सासू सवयीने एक मुळासकट उपटायला गेली, तशी सून म्हणाली, "आई, बाहेरच्या काड्याच कापायच्या. मधला कोंब ठेवला की पुन्हा फुटतं." त्या दिवशी आमटीवर पार्सली पडली आणि सुनेने तिसऱ्यांदा भात मागून घेतला.

तात्पर्य काय, तर चूक झाली असं वाटलं की आधी सांगून मोकळं व्हावं. ती झाकायला जाल, तर जे उगवणार होतं तेही उकरून टाकाल.