चॉकलेटं वाटणाऱ्या मुली

सातवीच्या खो-खो संघातून जाईला वगळलं, तशी तिची आई शालन तडक शाळेच्या मैदानावर गेली. संघ निवडणारे दळवी सर हसून म्हणाले, "ताई, खेळ रक्तात असावा लागतो."

शालनने निवडलेल्या मुलींना विचारलं, "जूनमध्ये शाळा सुरू झाली की दिवाळीच्या सुट्टीआधीच वर्गात वाढदिवसाची चॉकलेटं कोण कोण वाटतं गं?"

सगळ्यांचे हात वर गेले.

"माझी जाई मे महिन्यातली, सर. ऐन सुट्टीतली, म्हणून तिने कधी चॉकलेटं वाटलीच नाहीत. वर्ग एक असला तरी या तिच्याहून आठ-आठ, दहा-दहा महिन्यांनी मोठ्या. असा संघ भिंतीवरचं कॅलेंडरही निवडेल."

संघ मात्र तोच राहिला.

वाटेत जाईने विचारलं, "आई, पुढच्या वर्षी मी त्यांच्याएवढी होईन ना?"

शालनने बोटांवर महिने मोजले; पुढच्या वर्षीही ते तेवढेच भरले.