रोशाच्या टेकडीवरची कोरडी ओंजळ

समोर दिसते ती रोशाची टेकडी. कमरेएवढं गवत आहे, वारा सुटला की गुलाबासारखा वास येतो. त्या गवताचं नाव रोशा. खाली नाल्याच्या काठाला धूर दिसतोय, त्या आमच्या भट्ट्या. गवत वाफवून तेल काढायचं काम आमच्या कुंडीपाड्यात किती पिढ्या चाललंय, ते मलाही सांगता येणार नाही. माझं नाव जात्र्या वळवी. मीही भट्टीवरच म्हातारा झालो.

तुम्ही नेमके बी टाकण्याच्या दिवशी आलात, म्हणून तुम्हाला ते दिसलं. पाड्यातले पुरुष सकाळपासून टेकडीवर गवताचं बी फेकत फिरतात. उन्हाचे खाली येतात तेव्हा घशाला कोरड पडलेली असते. नाल्याकाठी त्यांच्या बहिणी भरलेल्या घागरी घेऊन बसलेल्या असतात, आणि एकही बहीण भावाला पाणी देत नाही. भाऊ वाकून नाल्यातलं पाणी पितो. तुमच्यातल्या बाईंनी विचारलं, ही काय रीत? एरवी आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतात. मग याच दिवशी सख्ख्या भावाला का नाही?

बसा. जुन्या माणसांनी सांगितलं तसं सांगतो.

फार मागं, इथे भट्टी नव्हती तेव्हा, रायली नावाची बाई या पाड्यात राहत होती. नवरा लवकर गेला होता. घरात आई आणि पाठचा भाऊ बाज्या. बाज्याला तिनंच कडेवर वाढवला. आईचे गुडघे धरले होते, तिला उठून दारापर्यंत जाता येत नव्हतं. रायली रोज मडक्यात पाणी तापवून आईला शेक द्यायची. एकदा तिनं वासाच्या आशेनं त्या पाण्यात मूठभर रोशा टाकला आणि वर झाकण ठेवलं. झाकण काढलं तर आतल्या बाजूला थेंब जमले होते, आणि पाण्याच्या थेंबांवर पिवळसर तवंग होता. तिनं तो बोटानं निपटून आईच्या गुडघ्यांना चोळला. आई म्हणाली, "आतपर्यंत ऊब गेली गं."

तिथून रायलीला ध्यास लागला. पण साध्या मडक्यात तेल किती जमणार? तेव्हा तिला धुरपाची साथ मिळाली. धुरपा ही खालच्या बाजारगावची कुंभारीण, सुपडू कुंभाराची बायको. मडकी विकायला ती पाड्यावर यायची, आणि दोघींचं फार जमायचं. रायलीनं काय हवं ते सांगितलं, धुरपानं ते मातीत घडवलं. मोठा माठ, त्याच्या गळ्याला एक तोटी. तोटीला पोकळ बांबू लावायचा, त्याचं दुसरं टोक नाल्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या घड्यात सोडायचं. वाफ बांबूतून जाते, गार होते, घड्यात पाणी जमतं आणि पाण्यावर तेल तरंगतं. आता आमच्याकडे तांब्याचे हंडे आहेत, पण रीत तीच आहे. पहिला माठ तडकला, दुसरा गळला. धुरपा हसत म्हणायची, "तुझं तेल निघेपर्यंत माझी माती संपेल, बाई." तरी पुन्हा घडवून आणायची.

तेल निघालं. आई काठी धरून दारात येऊन उभी राहिली. रायलीनं त्या दिवशी टेकडीच्या पायथ्याला डोंगरदेवापुढे मातीवर हात ठेवून शपथ घेतली, "हे तेल आजाऱ्याचं. ज्याला दुखतंय त्याला मिळेल. आणि बी झडल्याशिवाय या गवताला आमचा विळा लागणार नाही." बाज्या शेजारीच उभा होता. त्यानंही तिच्या हाताशेजारी हात ठेवला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं, आपणहून ठेवला, असं सांगतात.

मग लांबलांबून माणसं येऊ लागली. कोणाचे सांधे धरलेले, कोणाच्या अंगावर खरूज, कोणाचं डोकं सतत दुखणारं. डोकेदुखीवाल्याला रायली गरम पाण्यात थेंबभर तेल टाकून वास घ्यायला सांगायची. ज्यांना चढ चढवत नसे, त्यांच्याकडे बाज्या तेल घेऊन जायचा. कावडीत घडे घालून तो खालच्या गावांत फिरायचा. लोक त्याला अंगणात बसवायचे, गूळपाणी द्यायचे. म्हणायचे, रायलीचा भाऊ आला, आता बरं वाटेल.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

खालच्या मुलखात एक जहागीरदार होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. बाज्या बाजारातून चालला की वास मागे रेंगाळायचा, तो वास जहागीरदाराच्या कारभाऱ्याच्या नाकात गेला. त्यानं बाज्याला वाड्यावर नेलं. जहागीरदारानं त्याला जवळ बसवून घेतलं, डोक्याला जरीचा फेटा बांधला, बसायला घोडा दिला. म्हणाला, "मांडवाचे खांब, वाटेवरची माती, वऱ्हाड्यांचे कपडे, सगळं या वासानं दरवळलं पाहिजे. तुझ्या डोंगराचं नाव होईल. तू आमच्या पंगतीला बसशील."

आमच्या माणसाला तोवर वाड्याच्या पायरीवरसुद्धा कोणी बसू दिलेलं नव्हतं. बाज्या हुरळला. त्यानं हो म्हटलं, आणि घरी येऊन बहिणीला काही सांगितलं नाही. घोडा खाली बाजारगावात बांधायचा, फेटा कावडीच्या तळाशी दडवायचा.

त्याच दिवसांत धुरपाच्या पायाला जखम झाली. माती तुडवताना खापराचा तुकडा रुतला आणि जखम चिघळली. रायलीला कळलं तेव्हा तिनं घडाभर चोख तेल काढून बाज्याजवळ दिलं. "धुरपाकडे आधी जा," ती म्हणाली. "बाकीची गावं मग. तिच्याशिवाय आपली भट्टी पेटली नसती."

"हो बाई, आधी तिच्याकडेच," बाज्या म्हणाला.

तो आधी वाड्यावर गेला. चोख तेल तिथे ओतलं. घड्यात तळाशी राहिलं त्यात दिव्याचं जुनं, खवट तेल मिसळलं. रोशाचा वास असा की वर थोडा असला तरी खालचं सगळं झाकतो. तो घडा त्यानं धुरपाच्या हातात दिला. तिनं त्याला बसवलं, भाकरी वाढली. तो जेवला, म्हणे.

पुढचे बरेच दिवस तो असंच करत राहिला. रायली चोख तेल भरायची, ते मांडवासाठी जायचं. आजाऱ्यांना भेसळ मिळायची. लोकांना गुण येईना, पण बोलणार कोण? रायलीच्या तेलावर शंका घ्यायला कोणाची जीभ रेटत नव्हती.

एका सकाळी सुपडू कुंभार पाड्यावर आला. हातात तो घडा होता. रायलीपुढे ठेवून तो उभाच राहिला.

"धुरपा गेली," तो म्हणाला.

रायलीला कळेचना. "कशानं?"

"पायानं. वर मांडीपर्यंत काळं पडलं होतं. गावातला वैद्य म्हणाला, हे तेल पुसून टाका, मी दुसरा लेप देतो. तिनं हात लावू दिला नाही. म्हणाली, रायलीचं तेल आहे, उशीर लागेल पण गुण येईल. शेवटपर्यंत तेच म्हणत होती, रायलीबाई. तुम्ही काय पाठवलं होतं यात?"

रायलीनं घड्यात बोट बुडवून वास घेतला. मग आपल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर उन्हात पसरला आणि त्यावर एक थेंब टाकला. रोशाचं चोख तेल हवेत उडून जातं, कापडावर डाग राहत नाही. दोघं तो थेंब बघत बसली. ऊन वर चढलं. थेंब पसरला, चिकट झाला, आणि डाग तसाच राहिला. आजही आमच्या भट्टीवरून तेल हलायच्या आधी पांढऱ्या फडक्यावर थेंब टाकतात आणि तो उडेपर्यंत कोणी उठत नाही. ती पारख त्या सकाळची आहे.

"हे मी भरलेलं नाही," रायली म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला समजलं. भरणारी ती, नेणारा एकच.

ती सुपडूबरोबर खाली गेली. धुरपाचा अंत्यविधी होईपर्यंत थांबली. बायका तिच्याकडे बघत नव्हत्या. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चाकाशेजारी नवा माठ वाळत ठेवलेला होता, तोटीचा. धुरपानं दुखऱ्या पायानं तो रायलीसाठी घडवला होता.

संध्याकाळी ती वर आली आणि वळणावरच थांबली. टेकडी उघडी पडली होती. मांडवात आणि वाटेवर पसरायला गवत न्यायचं म्हणून जहागीरदाराची माणसं बैलगाड्या घेऊन आली होती. गवत नुकतं फुलावर होतं, बी धरलेलंसुद्धा नव्हतं. घाई होती म्हणून विळाही नीट चालवला नव्हता, मुठीनं ओढून मुळासकट उपटलं होतं. गाड्या भरून उतरत होत्या. आणि पुढे घोड्यावर, डोक्याला जरीचा फेटा, बाज्या.

तिला बघून तो घोड्यावरून उतरला. हसायचा प्रयत्न केला.

"बाई, लग्न आटोपलं की मी सांगणारच होतो. आपलं नाव होईल..."

"धुरपाचा घडा कोणी भरला?"

"तूच तर भरलास."

रायलीनं पदर पुढे केला. डाग दाखवला. बाज्यानं तो बघितला आणि मान खाली घातली.

"थोडंच मिसळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तिला काय, पुढच्या खेपेला चोख नेईन."

"ती मेली, बाज्या."

तो खालीच बसला. असं सांगतात की रायली रडली नाही, ओरडली नाही, शापही दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्या हाताशेजारी तू हात ठेवला होतास. मी तुला बोलावलं नव्हतं." आणि घरात गेली.

लग्न थाटात झालं. चार कोसांवर वास गेला, म्हणतात. वऱ्हाड परतल्यावर बाज्या वाड्यावर गेला, तर देवडीवरच्या माणसानं विचारलं, तू कोण? आत निरोप गेला, उत्तर आलं नाही. घोडा काढून घेतला. तो पायी परत आला. पुढच्या पावसानंतर टेकडीवर दुसरंच खुरटं गवत उगवलं, रोशाची काडी नाही. आजारी माणसं चढ चढून यायची आणि विझलेली भट्टी बघून परत जायची. त्यांना काय सांगायचं, ते रायलीला रोज नव्यानं शोधावं लागायचं.

बाज्या पाड्याबाहेर झोपडी बांधून राहिला. पलीकडच्या कड्यांवर, जिथे बैलगाडी पोचली नव्हती, तिथे रोशाचे एकटदुकट झुपके उरले होते. तो दोर लावून उतरायचा, पिकलेलं बी ओंजळीनं झाडून घ्यायचा आणि या उतारावर आणून टाकायचा. किती वर्षं, ते कोणी मोजलं नाही. पाती हात चिरत. उन्हाचा तो खाली यायचा तेव्हा रायली नाल्यावर घागर भरत असायची. तो तिच्यापुढे ओंजळ धरायचा. ती घागर उचलून निघून जायची. बायका म्हणायच्या, "पाज की गं त्याला, तुझ्याच कडेवर वाढलाय." ती म्हणायची, "म्हणूनच."

हळूहळू टेकडी भरली. बी झडल्यावर रायलीनं गवत कापलं आणि धुरपानं घडवलेल्या त्या शेवटच्या माठाखाली जाळ केला. सुपडूनं तो भाजून इतकी वर्षं जपला होता, स्वतः घेऊन आला. तेल निघालं. पदरावर थेंब टाकला, उडून गेला. आजारी रांगेनं बसले होते. शेवटी बाज्या बसला होता. त्याचे तळवे फुटून त्यांतून रक्त येत होतं.

सगळ्यांना वाटलं, ती त्याला वगळेल. पण रायली त्याच्यासमोर बसली. त्याचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तेल लावलं. घाई न करता, एकेक भेग बघून लावलं. बाज्याला रडू फुटलं. त्याला वाटलं, झालं, सुटलो. त्यानं ते तेलाचे हात जोडून ओंजळ केली.

"बाई, आता तरी पाणी दे."

रायलीनं तेलाचा घडा झाकला. मग म्हणाली, "तेल आजाऱ्याचं आहे. ते तुझ्या हक्काचं होतं, तुला मिळालं. पाणी मी भावाला दिलं असतं."

ती उठली, घागर कमरेवर घेतली आणि चढ चढून गेली. बाज्या नाल्याशी वाकला आणि स्वतःच्या हातानं पाणी प्यायला. पुढेही दोघं याच पाड्यात म्हातारी झाली. तो बी टाकत राहिला, ती त्याच्या हातांना तेल लावत राहिली. पाणी तिनं कधीच दिलं नाही.

आजही बी टाकून पुरुष खाली आले की बहिणी आधी त्यांच्या तळव्यांना तेल लावतात. तुम्ही लांब होतात, म्हणून तुम्हाला फक्त घागरी दिसल्या. माझी बहीण आता माझ्याहून थकली आहे, तरी तेल तीच लावते. लावून झालं की दरवर्षी तिचा हात घागरीकडे जातो, मला दिसतं. मग ती तो पदराखाली ओढून घेते आणि टेकडीकडे तोंड करून बसते. मी नाल्यावर जातो.