राखणमिठाची चिमूट

तांबुळगाव नावाच्या एका पेठेत गिरमाजीपंत नावाचे पारखी राहत होते. पेठेत विकायला येणारे खाण्याचे आणि अंगाला लावायचे जिन्नस तपासायचे, हे त्यांचे काम. राजाने ते मोठ्या विश्वासाने त्यांच्यावर सोपवले होते आणि पंत त्या विश्वासाला जागत होते. तूप हुंगून ते भेसळ सांगत. मध बोटावर घेऊन खरे-खोटे करत. त्यांना लाच द्यायचे धाडस कुणी केले नव्हते, कारण पंतांच्या घरात भाजीची जुडीसुद्धा फुकट येत नसे.

तांबुळगावचे मुरांबे, सरबते आणि चेहऱ्याला लावायचे लेप दूरदूरच्या गावांना जात. पण उन्हाळ्यात माल वाटेतच नासे. एका साली तर बुरशी धरलेला मुरांबा खाऊन पेठेतली चार माणसे दगावली. त्यानंतर परमुलखातला एक व्यापारी एक पांढरी पूड घेऊन आला. ती चिमूटभर घातली की मुरांबा सहा महिने टिके, सरबत आंबत नसे, लेपाला वास येत नसे. लोक तिला राखणमीठ म्हणू लागले.

राखणमिठाने पेठेचे नशीब उघडले. पंतांना मात्र एक शंका होती. जे बुरशीला मारते ते माणसाला अगदीच काही करत नसेल, हे त्यांना पटेना. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. दिवसभरात चार-पाच गुंजा पोटात गेल्या तर काही होत नव्हते. दहाच्या वर गेल्या की मळमळ सुटे आणि अंगावर चट्टे उठत. गुंज म्हणजे सोनाराच्या तराजूतले ते लाल-काळे इवलेसे बी.

मग पंतांनी राजाकडून नियम करून घेतला: वाटीभर मालात एक गुंज राखणमीठ, त्याहून कणभरही जास्त नाही. परीक्षाही सोपी ठेवली. हळदीच्या पाण्यात भिजवलेली चिंधी मालात बुडवायची. ती पिवळी राहिली तर माल चोख, लाल झाली तर माप ओलांडले.

सगळीकडे वाहवा झाली. येत्या पाडव्याला पंतांना भरदरबारात सोन्याचे कडे द्यायचे आणि त्यांचा नियम राज्यातल्या सगळ्या पेठांना लागू करायचा, असे राजाने जाहीर केले.

पाडवा आठ दिवसांवर आला आणि दामू कोष्ट्याची मुलगी आवडी आजारी पडली. पाडव्यानंतर तिचे लग्न होते. एके सकाळी तिचा चेहरा सुजला, गालांवर लाल चट्टे उठले, पोटात पाणीही ठरेना.

चेहरा सुजला म्हणजे दोष लेपाचाच, असे लोकांनी ठरवून टाकले. लेप करत असे चिमाबाई. ती विधवा होती. चंदन, बदाम आणि दुधाची साय खलून ती लेप करायची आणि त्यावर स्वतःचे आणि आंधळ्या सासूचे पोट भरायची. लोक तिच्या दारावर चालून गेले. कुणीतरी पहिले मडके उचलून आपटले, मग फोडाफोडी करायला कुणी मागेपुढे पाहिले नाही.

पंत धावत तिथे पोहोचले. "थांबा! आधी तपास होऊ द्या," ते ओरडले. पण तोवर दोन फळ्या रिकाम्या झाल्या होत्या आणि अंगणात सायीचा चिखल झाला होता.

चिमाबाई दारात उभी होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "पंत, माझा हात मापाबाहेर गेलेला नाही. तुमची चिंधी बुडवून बघा."

एका फुटक्या मडक्याच्या तळाशी थोडा लेप उरला होता. पंतांनी चिंधी बुडवली. ती पिवळीच राहिली.

पंत सखोजी मुरांबेवाल्याकडे गेले. तिथेही चिंधी पिवळी. कासमचाचा सरबतवाल्याकडे गेले. तिथेही पिवळी. पेठेतला एकही जिन्नस त्यांनी सोडला नाही. सगळ्यांचा माल चोख होता. पंतांच्या आयुष्यात असे कधी झाले नव्हते. मुलगी आजारी होती आणि गुन्हेगार कुणीच नव्हता.

दुपारी ते दामू कोष्ट्याच्या घरी गेले. आवडी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची आई भागाबाई उशाशी बसून ओल्या फडक्याने तिचा चेहरा पुसत होती.

"वहिनी, मुलीनं काल काय काय खाल्लं?" पंतांनी विचारले.

"वेगळं काही नाही हो, पंत. केळवणं चालू आहेत ना तिची! रोज चार घरची आमंत्रणं. कुणाला नाही म्हणायचं?"

"तरी आठवून सांगा. एकेक घर सांगा."

पंतांनी कमरेच्या पिशवीतून गुंजा काढल्या आणि समोर एक ताटली घेतली. भागाबाई आठवू लागली. सकाळी मामीकडे गेली, तिथे मुरांबा. पंतांनी ताटलीत एक गुंज ठेवली. तिथून सोनारांच्या घरी. ऊन लागलं म्हणून त्यांनी दोन पेले सरबत दिलं. दोन गुंजा. दुपारी पाटलांच्या वाड्यावर जेवण. तिथे लोणचं, चटणी आणि पुन्हा सरबत.

"आणि मुरांबा?" पंतांनी विचारले.

"मुरांब्याशिवाय केळवण होतं का, पंत? वाटी भरून वाढतात. मुलगी नको म्हणाली तर सासरी जाऊन काय खाणार, म्हणतात."

मग संध्याकाळची दोन घरे झाली. त्याशिवाय सकाळ-संध्याकाळ चेहऱ्याला आणि हातांना लेप, तोही पंधरा दिवस रोज.

भागाबाईचे बोलणे संपले तेव्हा ताटलीत चौदा गुंजा होत्या.

पंत त्या ताटलीकडे बघत राहिले. त्यात एकही गुंज चोरीची नव्हती. प्रत्येकाने नियम पाळला होता, प्रत्येकाने माया करून वाढले होते. पण सगळ्यांच्या चिमट्या जाऊन पडल्या होत्या एकाच पोरीच्या अंगात.

"तिला आता फक्त घरची पेज आणि ताजं ताक द्या," ते उठत म्हणाले. "बरणीतलं काही देऊ नका. चेहऱ्याला काही लावू नका. ती बरी होईल."

"मग दोष कुणाचा होता, पंत?" भागाबाईने विचारले.

पंतांनी ताटलीतल्या चौदाही गुंजा पिशवीत भरल्या आणि ते बाहेर पडले.

घरी आले तर राजाचे दिवाणजी ओसरीवर वाट बघत बसले होते. पंतांनी त्यांच्यापासून काही लपवले नाही. दिवाणजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते. राज्याची घडी विस्कटू नये, एवढेच ते पाहत.

"पंत, हे दरबारात बोलू नका," ते म्हणाले. "पारख्याचाच नियम चुकला म्हटलं की उद्या तुमची चिंधी कोण मानणार? जो तो मनाला येईल तेवढं मीठ ओतेल. लोकांनी लेपवालीला दोषी ठरवलंच आहे. तिला दुसऱ्या गावी घर देऊ, वर्षाचं धान्य देऊ. तिचंही भागेल आणि नियमाची अब्रूही राहील."

दिवाणजी गेले. पंत ओसरीवर तसेच बसून राहिले. दिवाणजींचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हीच मोठी अडचण होती. शिवाय, खरे सांगायचे तर, ते सोन्याचे कडेही त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कुणाकडून काही घेतले नव्हते. हा एकच मान त्यांना मनापासून हवा होता. गप्प राहायचे, एवढेच तर करायचे होते. खोटेही बोलावे लागणार नव्हते.

पण डोळे मिटले की त्यांना दारात उभी असलेली चिमाबाई दिसे. तिने त्यांच्याकडे दया मागितली नव्हती. त्यांच्याच चिंधीवर तिने भरवसा टाकला होता.

पाडव्याला दरबार भरला. चिमाबाईला एका बाजूला उभे केले होते. राजाने विचारले, "गिरमाजीपंत, दोषी कोण?"

"मी, महाराज," पंत म्हणाले.

दरबारात कुजबुज सुरू झाली. दिवाणजींनी मान खाली घातली.

पंतांनी चौदा गुंजा राजासमोरच्या चौरंगावर एकेक करून मांडल्या आणि प्रत्येक गुंज कुठल्या घरची ते सांगितले. शेवटी म्हणाले, "महाराज, चिमाबाईचं माप बरोबर होतं. सखोजीचं बरोबर होतं, कासमचाचांचंही बरोबर होतं. चुकलं ते माझं. मी बरणी मोजली, माणूस मोजला नाही. एक माणूस दिवसात किती बरण्यांतलं खातो आणि अंगाला काय काय लावतो, हे मी कुणालाच विचारलं नाही."

मागून कुणीतरी ओरडले, "मग ते विष बंदच करा!" चारी बाजूंनी "बंद करा, बंद करा" असा आवाज उठला.

"नको," पंत म्हणाले. "बुरशीच्या मुरांब्यानं गेलेली चार माणसं विसरलात का? मीठ वैरी नाही. जिथे त्याच्यावाचून भागत नाही तिथे ते राहू द्या. जिथे भागतं तिथून काढा. मला तीन महिने द्या, महाराज. या वेळी मी घरोघर जाऊन विचारतो."

राजाने ताटातले सोन्याचे कडे उचलून बाजूला ठेवायला सांगितले. "चुकलेल्या नियमाला बक्षीस देता येत नाही, पंत," तो म्हणाला. "पण तीन महिने दिले. आणि या बाईची जेवढी मडकी फुटली, तेवढी फोडणाऱ्यांनी भरून द्यावीत."

दरबार उठल्यावर पंत चिमाबाईकडे गेले. त्यांना वाटले होते, ती दोन बरे शब्द बोलेल.

चिमाबाई म्हणाली, "तुम्ही खरं बोललात, पंत. पण माझी सासू अजून दाराचा आवाज झाला की दचकते."

पंतांनी हात जोडले. तिने ते हात खाली करवले नाहीत. पण ती मान फिरवून निघूनही गेली नाही. म्हणाली, "घरोघर जाणार आहात ना? मग माझ्या घरापासून सुरुवात करा. लेपात मीठ का घालावं लागतं, ते मी सांगते."

पंत तिच्या ओट्यावर जाऊन बसले. लेप परगावी न्यायचा म्हणून मीठ लागते, गावातल्या गावात ताजा विकला तर लागत नाही, हे त्यांना तिथे कळले. सखोजी आधी भांडला. "माल वाटेत नासला तर तुम्ही खाणार का तो?" असे त्याने तोंडावर विचारले. मग दोघांनी मिळून पाक दाट करून पाहिला, बरण्यांची तोंडे मेणाने बंद करून पाहिली. तेव्हा निम्म्या मिठात काम भागले. निम्म्या मिठात सरबत तिथवर टिकेना, म्हणून कासमचाचांना फार दूरची दोन गावे सोडावी लागली. त्याचे त्यांना वाईट वाटले आणि पंतांनाही वाटले. पण पंतांनी माप सैल केले नाही.

दरम्यान आवडी बरी झाली. लग्न महिनाभर पुढे गेले होते. लग्नाच्या दिवशी तिच्या चेहऱ्याला लेप लावायला घरातली एकही बाई धजेना. तेव्हा आवडी स्वतःच म्हणाली, "चिमाकाकूंना बोलवा. त्यांचं काही चुकलं नव्हतं." चिमाबाई त्याच सकाळी खललेला, बिनमिठाचा लेप घेऊन आली. आवडीने तिचे हात धरले आणि आपल्या गालांवर ठेवले.

तीन महिन्यांनी पंतांनी नवा नियम राजासमोर ठेवला. तान्ह्या मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या जिनसांत राखणमीठ नको. गावात ताज्या विकायच्या मालात नको. परगावच्या मालात पूर्वीच्या निम्मे. आणि बरणी कधी भरली, तिच्यात मीठ किती, हे बरणीच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर लिहायचे. वाचता न येणाऱ्यांसाठी तेवढ्या गुंजा दोऱ्यात ओवायच्या.

राजा वाचत वाचत शेवटच्या ओळीशी थांबला. तिथे लिहिले होते: "लिहिणारा चुकू शकतो, म्हणून हा नियम दर वर्षी लोकांना विचारून पुन्हा तपासावा."

"पंत, माझ्या एकाही हुकमात असं वाक्य नाही," राजा म्हणाला.

"ते लिहिताना मलाही जड गेलं, महाराज," पंत म्हणाले.

राजाने खाली शिक्का मारला. पुढच्या वर्षी नियम तपासायची वेळ आली तेव्हा पंतांच्या ओसरीवर सकाळपासून माणसांची रांग लागली. कुणाला खाज सुटली होती, कुणाला मळमळले होते, कुणाचा माल नासला होता. इतकी वर्षे यातले कुणीच बोलले नव्हते. पारख्याचे कधी चुकत नाही, अशीच सगळ्यांची समजूत होती.

तात्पर्य: थोडे थोडे मिळूनच फार होते, म्हणून माप जिनसाचे नव्हे, माणसाचे धरावे, आणि आपला नियम चुकला असे कळले की दोष दुबळ्याच्या माथी न मारता नियमच सुधारावा.