कातळाची सुईण आवडाई

फार फार वर्षांमागे, डोंगरावरच्या शेवरवाडीला रस्ता नव्हता. आजारी माणसाला डोलीत घालून पायवाटेनं खाली न्यायचं. कुणी पोचायचं, कुणी वाटेतच जायचं.

त्या वाडीत आवडाई नावाची सुईण होती. तिचा हात लागला की अडलेली बाई मोकळी व्हायची, असं म्हणतात. पण तिची स्वतःची लेक अडली, तेव्हा मात्र ते हात हरले. वैद्याकडे नेताना लेक उतारावर डोलीतच गेली.

मग वाडीचा मानकरी बाबल गावकर यानं ठरवलं, आता रस्ता करायचाच. भाताच्या मळ्यातून सरळ खुंट्या ठोकल्या. माती मऊ, काम सोपं. कडेची देवाची राई तेवढी तोडायची. आवडाई सगळ्यांआधी हो म्हणेल, असं जो तो धरून चालला होता.

आवडाई आली आणि मळ्यात खुंटीपाशी फतकल मारून बसली.

"ऊठ काकी," बाबल म्हणाला. "तुझ्या लेकीसारखं कुणाचं होऊ नये म्हणूनच करतोय ना?"

"रस्ता मला तुझ्याहून जास्त हवाय, बाबल. पण मळा गाडलास तर जगलेली पोरं खातील काय? राई गेली की तिच्यातला झराही आटेल. रस्ता मळ्याबाजूच्या कातळावरून ने."

"तो कातळ फोडणार कोण?"

"मी लागते कामाला. तुम्ही या सवडीनं."

दुःखानं म्हातारी चळली, असं लोक म्हणाले. ती मात्र रोज कातळावर काटक्यांचा जाळ करी, तापल्या दगडावर पाणी ओती आणि तडा गेला की घण घाली. पावसाळे आले नि गेले. तिनं सोडवलेल्या बाया आधी मदतीला आल्या, मागून त्यांचे नवरे. एका सकाळी बाबलही पहार घेऊन आला. आल्या आल्या कामाला लागला.

शेवटी एक धोंडा राहिला, काळा, घराएवढा. जाळानं तापेना, घणानं फुटेना. माणसं थकून बसली. तेव्हा आवडाईनं घण ठेवला. अडलेल्या बाईच्या पोटावर ठेवावेत तसे दोन्ही तळवे तिनं धोंड्यावर ठेवले, कान लावला आणि म्हणाली, "भिऊ नको बाई. मी आहे. दे वाट."

धोंडा कण्हला, असं म्हणतात. मग मधोमध उकलला, आतून कोमट पाणी वाहिलं आणि पलीकडचा उतार दिसला. आवडाई तिथंच बसून लेकीचं नाव घेऊन रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आजही शेवरवाडीत नव्या बांधकामाची खुंटी ठोकताना वाडीतली सगळ्यात वयस्क बाई पुढं येते आणि आवडाईच्या नावानं विचारते, "इथं भात पिकतं का?" पिकत असेल तर खुंटी उपटून कातळावर नेतात. परवा शाळेची नवी खोली बांधायची होती, तेव्हाही विचारलं. खोली आता कातळावर उभी आहे. तिच्या खिडकीतून मळा दिसतो.