पहिल्या घोसाचं फळ

डोंगरावरच्या एका थंड गावात, कोणे एके काळी, दोन जावा शेजारी शेजारी राहत होत्या. थोरली येसूबाई, धाकटी सुंदरा. दोघींच्या परसात काचेचं एकेक घर होतं आणि त्यात सासूबाईंनी दिलेल्या बियाण्याचे टोमॅटो वाढत. गावात या टोमॅटोंना कमळी म्हणत, कारण फळ देठाशी पाकळ्यांसारखं चुणीदार असे. साल पातळ, गर लोण्यासारखा, बिया अगदी थोड्या.

वेल मोठी नखरेल. सुतळीला बांधून छतापर्यंत चढवायची, पानांच्या बगलेतले फुटवे खुडायचे, दुपारी झडप उघडून वारा द्यायचा. काचघरात मधमाशी फिरकत नसे, म्हणून फुलांच्या घोसाला रोज सकाळी हलकेच टिचकी मारावी लागे. सासूबाईंची एक ताकीदही होती. "सगळ्यांत जोमदार वेलीच्या पहिल्या घोसातलं देखणं फळ खायचं नाही. ते वेलीवरच पुरतं पिकू द्यायचं आणि त्याचं बी धरायचं."

एका वर्षी धुक्याने ऊनच पडू दिलं नाही. फळं कमी धरली. नेमकी तेव्हाच राणीने दवंडी पिटवली, जिचा टोमॅटो सगळ्यांत चांगला, तिच्याकडे राजवाड्याची बाग.

सुंदराच्या जोमदार वेलीवर एकच फळ टिकलं होतं, पण असं की बघत राहावं. हे नेलं तर बाग आपलीच, तिच्या मनात आलं. नवराही म्हणाला, "ने की! बी काय, बाकीच्या वेलींचं धरता येईल."

"बाकीच्या वेली बघितल्यात ना? फळं बोराएवढी, तीही तडकलेली. तसलं बी धरलं तर पुढे तसलेच टोमॅटो होणार."

तिने हात पुढे केला, फळाला लावला आणि मागे घेतला. मग दुसऱ्या वेलीवरचं, त्यातल्या त्यात बरं फळ खुडलं.

येसूबाईने मात्र आपलं बियाण्याचं फळच नेलं. राणीने ते चाखलं आणि बाग तिला दिली. पालखीत बसताना येसूबाई म्हणाली, "धाकटे, सासूबाईंचं ऐकत बसलीस आणि मागे राहिलीस."

सुंदराला ते बोल लागले. तरी सकाळ होताच ती काचघरात गेली आणि फुलांना टिचक्या मारू लागली.

येसूबाई दरवर्षी उत्तम फळं राणीच्या ताटात पाठवत गेली आणि बी उरल्यासुरल्याचं धरत गेली. टोमॅटो लहान झाले, मग आंबट झाले, मग जाड सालीचे. शेवटी राणीने ताट बाजूला सारलं.

येसूबाई सुंदराच्या दारात आली. "माझ्याकडे खऱ्या कमळीचं बीच उरलं नाही गं."

सुंदराने तिला आत घेतलं आणि बी तिच्या पदरात बांधून दिलं. "जाऊबाई, दोन घरी असलं की एका घरचं गेलं तरी वाण बुडत नाही."

ही गोष्ट राणीच्या कानावर गेली. ती स्वतः सुंदराचं काचघर बघायला आली आणि एका फळाकडे बोट दाखवून म्हणाली, "आम्हांला हे हवं."

"राणीसाहेब, ते नाही मिळायचं. ते बियाण्याचं आहे. त्याच्या शेजारचं घ्या."

मागे उभ्या असलेल्या येसूबाईने भीतीने डोळेच मिटले. राणीने शेजारचं फळ घेतलं आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला.

"दरवर्षी आम्ही शेजारचंच खाऊ," ती हसून म्हणाली. "बाग आता तुम्ही दोघी सांभाळा."

तात्पर्य इतकंच: सगळ्यांत चांगलं ते आजच्या कौतुकावर उधळू नये, जो ते उद्यासाठी राखतो, त्याचीच बाग टिकते.