कुसुमच्या दाराचं कुलूप

"पण आक्का, घर माझं आणि कुलूप तिचं, ही कुठली रीत?"

भालबा शेटे तावातावाने विचारत होता. फलटणात तीन आळ्यांमध्ये त्याच्या भाड्याच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली त्याच्या कमरेच्या जुडग्यात. माणूस दिसायच्या आधी जुडगा ऐकू यायचा! अडलंनडलं की तो ओढ्याकाठच्या मठीत गोदाक्कांकडे धाव घ्यायचा.

आक्का शेंगा सोलत होत्या.

"कुणी लावलं कुलूप?"

"कुसुम दळवीनं. शिवणकाम करते. भाडं चोख, वागणं चोख. माहेरी जाताना माझं कुलूप काढलं अन् स्वतःचं लावलं. वर शेजारी सांगून गेली, मालक पुन्हा आत शिरले तर खोली सोडते म्हणून. आता बोला!"

"शिरला होतास?"

"गळती बघायला."

"होती गळती?"

"...नव्हती."

"मग काय बघितलंस?"

"काही नाही हो! शेगडी, मशीन, दोरीवरचे कपडे... लपवण्यासारखं आहे काय तिच्याकडे? हेच मला कळत नाही. कुलूप तोडणारा कोपऱ्यावर उभा करून आलोय. पण असली भाडेकरू हातची जायला नको, म्हणून आधी तुमच्याकडे."

आक्कांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. त्यांनी भालबाच्या मांडीवरची कापडी पिशवी ओढली आणि सरळ आत हात घातला.

तपकिरीची डबी निघाली. मग कंगवा. मग एक रुमाल, त्यात काहीतरी गुंडाळलेलं.

भालबाने झडप घालून त्यांचा हात धरला.

"अहो आक्का!"

"का रे? लपवण्यासारखं आहे काही?"

"लपवण्यासारखं कसलं... कवळी आहे माझी. पण माझ्या पिशवीत असं, न विचारता..."

"पिशवी मठीची. गेल्या गुरुवारी आंबे न्यायला मागून नेलीस."

भालबाचे कान तापले. भलतीच लाज वाटली त्याला.

"पण आतलं सामान तर माझं..." तो म्हणाला, आणि मध्येच थांबला.

आक्का पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

"आक्का," भालबाने हळूच विचारलं, "उद्या खरंच गळती लागली, तर मालकानं आत जायचं कसं?"

"कडी वाजव," आक्का म्हणाल्या, "अन् बाहेर थांब."